फडणीस आणि ओसाकाची मॅच

रविवारी सकाळी टोकियोच्या फुनाबोरी भागातल्या फडणीसांच्या घरी गेलं, की ते मरून रंगाची जर्सी घालून टीव्हीसमोर उभे दिसायचे. बसून मॅच बघणं त्यांना जमायचंच नाही. अमेरिकेतल्या ज्या लहान गावात ते शिकले, तिथल्या विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉलची टीम बहुतेक वेळा हरायची. "हरू दे गं मेधा, मैदान तर भरलंय ना," म्हणत ते माझ्या हातात पोह्यांची बशी द्यायचे.

२०११च्या भूकंपानंतर बरेच परदेशी टोकियो सोडून गेले, तेव्हा आमच्या टीव्ही कंपनीत मी आले आणि पाठोपाठ फडणीस. कंपनी खेळांच्या प्रक्षेपणाचे हक्क विकत घ्यायची, म्हणून कोणती मॅच किती घरांत बघितली जाईल याचा अंदाज आम्ही दोघं बांधायचो. माझं जपानी त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. तरी माझं बोलून झालं, की साहेब विचारायचे, "फडणीस-सान काय म्हणतात?" मी आतून जळायचे. ते मात्र म्हणायचे, "मेधा म्हणते तेच." त्याने तर जास्तच जळायचे.

मग एक मोठं काम आलं. टोकियोच्या विद्यापीठांची अमेरिकन फुटबॉलची नवी लीग काढायची आणि ओसाकाच्या विद्यापीठाची एक नावाजलेली टीम तिची जुनी लीग सोडायला लावून या नव्या लीगमध्ये आणायची. टोकियोतला प्रेक्षक मिळाला, की हक्कांचा भाव चढणार होता. ओसाकाला जाऊन हे पटवून द्यायचं काम अर्थातच फडणीसांना मिळालं. मला सोबत पाठवलं.

फडणीसांनी सगळे आकडे नीट मांडले. शेवटी ओसाकाच्या म्हाताऱ्या कोचनी विचारलं, "तुम्ही आमच्या जागी असता तर?"

फडणीसांनी आकड्यांचे कागद मिटले. मग मोडक्या जपानीत म्हणाले, "हिशोब बरोबर आहे. पण अमेरिकेत आमच्या शेजारचं विद्यापीठ असंच मोठ्या लीगमध्ये गेलं. त्यांचं भलं झालं. आमची त्यांच्याशी दरवर्षी मॅच असायची, ती बंद पडली. गाव वर्षभर तिची वाट बघायचं. आता त्या दिवशी लोक घरासमोरचं गवत कापतात. मी गेलो नसतो."

ओसाकाने नकार दिला. महिन्याभरात फडणीसांची बदली जुन्या टेप्सच्या विभागात झाली आणि त्यांचं काम माझ्याकडे आलं. त्यांनी स्वतः येऊन मला सगळं समजावलं. "छान करशील तू," म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता. मला त्याचाही हेवा वाटला.

हिवाळ्यात ओसाकाची शेजारच्या विद्यापीठाशी दरवर्षीची जुनी मॅच यंदाही ठरली. कोचचा फोन माझ्या टेबलावर आला. मी माझं नाव आणि नवा हुद्दा सांगितला. त्यांनी अदबीने अभिनंदन केलं.

"फडणीस-सानांचा नंबर मिळेल का? त्यांच्यासाठी पुढच्या रांगेत जागा ठेवलीय."

मी नंबर सांगितला. ते आणखी काही बोलतील म्हणून मी रिसीव्हर कानाशी धरून थांबले. त्यांनी आभार मानले आणि फोन ठेवला.