उजवा दाणा

बायको आखाडात गेली. भाताची लावणी उरकली आणि तिला ताप भरला. डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. वडापच्या जीपमध्ये आडवी घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेली, तिथून ती जिवंत परत आली नाही.

डॉक्टर पोरसवदा होता, पण सरळ बोलला. शेतातल्या चिखलात उंदीर मुततात, ते पाणी पायाच्या भेगांतून अंगात शिरतं, त्यानं हा ताप येतो. मी म्हणालो, "त्याच चिखलात आळीतल्या समद्या बाया व्हत्या. मग माझीच का?"

"आजोबा, त्याचं उत्तर माझ्याकडं नाही," तो म्हणाला.

त्याच्याकडं नव्हतं, पण आमच्या आळीत होतं.

तेरावं झालं आणि पुतण्या ओट्यावर येऊन बसला. थोरल्या भावाचा पोरगा. कंपनीत जातो, शिकलेला आहे. त्याची बायको पोटुशी, सातवा लागलेला. त्याच्या घराची आणि आमच्या शेजारणीच्या घराची भिंत एक. शेजारीण म्हणजे माझ्या बायकोच्या वयाची एकटी विधवा. दोघींनी आयुष्यभर एका वाफ्यात लावणी केली, एका बांधावर भाकरी खाल्ली.

"आबा, तुमाला समदं ठावं हाय," पुतण्या म्हणाला. "तुमी बोलत न्हाई एवढंच."

"काय ठावं हाय?"

"म्हातारीनं बांधावर ताक दिलं. काकीनं पिलं. लगेच ताप."

"ताक मी बी पिलोय तिच्याकडचं."

"तुमचं सोडा, तुमाला काय लागतंय. माझी म्हस? म्हातारी गोठ्यात डोकावली, म्हनली लय दूध देती बग. आठवड्यात म्हस गेली. आता ही म्हातारी रोज माझ्या बायकोच्या पोटाकडं बघती."

तो भ्यालेला होता. रागावलेल्या माणसाला समजावता येतं, भ्यालेल्याला नाही.

"आपुन चेटकीन म्हनून नाव घेतलं तर केस व्हईल," तो म्हणाला. "कायदा झालाय. म्हनून देवीला कौल लावू. देवीवर कोन केस करनार?"

कौल म्हणजे आमच्याकडं असा : गुरव देवीच्या दगडाला उजवीकडं आणि डावीकडं एकेक ओला तांदूळ चिकटवतो. प्रश्न टाकायचा. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. सोयरीक, विहिरीची जागा, हरवलेलं जनावर, सगळं असंच विचारतात.

"प्रश्न तुमी टाकायचा," पुतण्या म्हणाला. "दुख तुमचं हाय. उजवा पडला तर म्हातारीनं घर सोडून पवनानगरला भावाकडं जायचं. कुनी हात लावनार न्हाई तिला."

मी बरं म्हणालो. खोटं कशाला लिहू, मला ते हवंच होतं. म्हातारी दोषी निघाली तर माझ्या बायकोच्या मरणाला निदान एक तोंड मिळणार होतं, ज्याच्यावर थुंकता आलं असतं.

पण डोक्यात एक किडा होता आणि तो बाईंनी सोडलेला. मी खंडाळ्याला एका बंगल्यावर माळी होतो, उमेदीची वर्षं सगळी तिथंच गेली. मी चौथी पास. बंगल्याच्या बाई कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झालेल्या. ऐकणारं कुणी नव्हतं म्हणून मला ऐकवायच्या. मी खुरपत असायचो, त्या खुर्ची टाकून बसायच्या.

बंगल्यात लिंबाची दोन झाडं होती. एका पावसाळ्यात दोघांची पानं गळायला लागली. मी म्हणालो, दृष्ट लागलीय, बिब्बा बांधतो.

"बांध," बाई म्हणाल्या. "पण एकालाच."

"आन दुसऱ्यानं काय पाप केलं?"

"दोघांना बांधलास तर बिब्ब्यानं झालं की आपोआप झालं, हे तुला कळणार कसं?"

पाऊस सरल्यावर दोन्ही लिंबांना नवी पालवी फुटली. मी म्हणालो, बिब्ब्याचा गुण शेजारच्या झाडाला पण लागला असेल. बाई लय हसल्या. म्हणाल्या, "तुझ्यासारख्यांशी भांडत भांडतच विज्ञान उभं राहिलं रे."

मग त्यांची गाडी सुटायची. प्रयोगशाळा फार नंतर आली, त्या सांगायच्या. आधी नुसती वाद घालणारी माणसं होती, आपल्याकडं आणि तिकडं ग्रीसमध्येही. एकमेकांना एकच विचारायची, कशावरून? डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथं आग आहे. कशावरून? चुलीत तसंच बघितलं म्हणून. मग धुकंही लांबून धुरासारखं दिसतं, त्याचं काय? एक जण म्हणायचा, डोळ्याला दिसेल तेवढंच खरं. दुसरा म्हणायचा, डोळाही फसतो. हे भांडण पिढ्यान् पिढ्या चाललं, तेव्हा कुठं माणसाला पुरावा कशाला म्हणायचं ते कळलं. त्यांच्यातलेच काही जण आपल्याच मनावर नजर ठेवून बसले, गुराख्यानं गुरांवर ठेवावी तशी. कुठं जातं, कशाला बिचकतं, कुणाच्या शेतात तोंड घालतं. आज मनाचे डॉक्टर आहेत ते त्याच घरातून वेगळे निघालेले. "वाटण्या झाल्या," बाई म्हणायच्या. "चुली वेगळ्या, पण विहीर एक."

मी म्हणायचो, "बाई, खत संपलंय."

त्यांचे यजमान वारले, त्यानंतर बरेच दिवस त्या बागेत आल्या नाहीत. मग एकदा गुलाबापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला, हे तुम्ही लोक रोज बोलता. ते त्या जुन्या वाद घालणाऱ्यांचंच शहाणपण आहे. एकामागून एक घडलं म्हणून एकानं दुसरं घडवलं असं नसतं. शिकवताना सोपं जायचं मला हे. आता स्वतःवर आलं, तर मी सकाळपासून कावळाच शोधतेय. कोण आलं होतं, कुणी काय खायला दिलं. मनाला उत्तर मिळेना की ते माणूस धरतं."

तेव्हा मला वाटलं होतं, दुःखानं बाईचं डोकं फिरलंय. आता माझंच मन माणूस धरायला निघालं होतं.

कौल रविवारी सकाळी ठरला, कंपनीला सुट्टी म्हणून. देवळात आळी जमलेली. बाया एका बाजूला, पदर तोंडाशी, त्यांच्यात पुतण्याची बायकोही. शेजारणीला बोलावणं गेलं होतं, ती पायरीच्या खाली उभी राहिली. तिला वर ये कुणी म्हणालं नाही. मी आत जायला निघालो तशी ती हळूच म्हणाली, "भाऊ, तुमी म्हनाल ते मी ऐकीन. आजच गठुडं बांधीन. पन माझ्या तोंडाकडं बगून म्हना."

मी बघितलं नाही. आत गेलो.

गुरवानं दगड धुतला, दाणे चिकटवले. "टाका प्रश्न," तो म्हणाला.

पुतण्यानं मला शिकवून ठेवलं होतं काय म्हणायचं ते. तोंड उघडलं आणि मला ती दोन लिंबं आठवली. ज्याचं उत्तर मला ठाऊक नाही तेच विचारलं, तर देवळातनं आलेलं उत्तर खरं की खोटं हे मला कळणार कसं?

मी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "आई, माझी बायको जिती हाय का? असंल तर उजवा दे."

मागं बाया कुजबुजल्या. पुतण्यानं माझं कोपर धरलं. "आबा, काय बोलताय?"

"गप बस. देवीला इचारलंय."

दाणे हलेनात. सगळ्यांचे डोळे दगडावर. मग उजवा पडला.

आणि माझी मान वळली. सगळ्यांदेखत मी दाराकडं बघितलं, ती येतीय का म्हणून. दवाखान्यातनं मीच तिला आणली, मीच अग्नी दिला. तरी बघितलं. दारात नुसतं ऊन होतं आणि खाली उभी शेजारीण.

"ह्यो काय प्रश्न झाला?" पुतण्या ओरडला. गुरव पुटपुटला, दाणा ओला कमी झाला असंल, परत लावतो.

"परत लावशील," मी म्हणालो, "मग दोन्हीतला कुठला खरा धरायचा? देवीला मी दोष देत न्हाई. दाना वाळला, पडला. पन ह्याच्यावर कुनाचं घर मी उठवनार न्हाई."

पुतण्याचा आवाज बसला. "माझं पोर हाय वो पोटात. मी काय करू मग?"

"बायकोला दवाखान्यात ने. चिखलात उतरू देऊ नको. ह्याच्या परीस मला जास्ती ठावं न्हाई."

तो बायकोचा हात धरून निघून गेला. त्यानंतर त्यानं माझ्याशी बोलणं टाकलंय. त्याच्या जागी मी असतो तर मीही टाकलं असतं.

मी बाहेर आलो. शेजारीण तिथंच उभी होती. या वेळी मी तिच्या तोंडाकडं बघितलं.

"जाऊ का घरी?" तिनं विचारलं.

"जा."

लोकांनी तिला वाट दिली, पण अंग चोरून. एका दाण्यानं माणसाचं मन पालटत नाही. मी तिच्या मागोमाग चालत राहिलो, वाटेत कुणी तिला काही बोलू नये म्हणून. ती दारात शिरली, कडी लागली, मग मी माझ्या घरी आलो.

देवळात जाताना मी राग घेऊन गेलो होतो. आता तो ठेवायला कुठं जागा नव्हती. राग होता तोवर रडू आलं नव्हतं. मी ओट्यावर बसलो, आणि आळी येजा करत होती तरी, मोठ्यानं रडलो.