तीनदा गाळलेली आरती

भालचंद्र तांब्यांना रिकामं बसणं कधी जमलंच नाही. सरकारी नोकरी संपवून ते गाझियाबादच्या नव्या सोसायटीत राहायला आले, तेव्हा मुलाने, मानसने, गुरगावच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आणून दिला. बाबा त्यात इतके रमले, की त्यांची बायको अरुणाताई त्यांना जेवायला हाक मारायचं सोडून ताटच माउसशेजारी नेऊन ठेवू लागल्या.

भालचंद्रांचं लाडकं धन म्हणजे आरत्यांची एक कॅसेट. सोसायटीतल्या मराठी घरांनी पहिल्या गणपतीत मिळून म्हटलेली. वरचा आवाज अरुणाताईंचा. दरवर्षी मांडवात तीच लागायची आणि दिल्लीत वाढलेली पोरं तिच्यामागून शब्द उचलायची. भालचंद्रांनी ती कॉम्प्युटरवर उतरवली आणि कॅसेट ऐटीत भंगारवाल्या कबाड्याला देऊन टाकली.

त्या वर्षी मंडळाने करोल बागेतून सीडी आणि पेन ड्राइव्हचा नवा प्लेअर आणला. पेन ड्राइव्हवरचं तो फक्त एमपी३ वाजवायचा, आणि तांब्यांच्या फाइली निघाल्या दुसऱ्याच जातीच्या. मंडळाचे जयंत पेंडसे म्हणाले, कशाला उपद्व्याप, बाजारातली सीडी स्वच्छ आहे, यापुढे तीच लावू. हे भालचंद्रांच्या जिव्हारी लागलं. आपल्या गणपतीला परक्या गळ्याची आरती? चतुर्थीला आमचीच वाजेल, नाही वाजली तर कायमची तुमची सीडी, असं ते चारचौघांत बोलून बसले.

मग आंघोळ करून, चपला बाहेर काढून, कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहून काम सुरू झालं. फाइल बदलली. ऐकली, तर मागची खरखर तशीच. भालचंद्रांना वाटलं, एकदा गाळून काय होणार? आचमनसुद्धा तीनदा करतात. म्हणून एमपी३ची पुन्हा जुनी जात, जुनीची पुन्हा एमपी३, असे तीन फेरे झाले. दर फेऱ्याला फाइल होईल तेवढी लहान केली, म्हणजे मळाला राहायला जागाच नको. आधीच्या फाइली निर्माल्य समजून पुसून टाकल्या.

"अहो, एकदा ऐकून तरी बघा," अरुणाताई म्हणाल्या.

"देवाच्या आधी आपण? नैवेद्य उष्टा करायचा का?"

चतुर्थीला प्लेअर सुरू झाला. खरखर खरंच गेली होती. पण अरुणाताई गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बसून गात असाव्यात तसा आवाज आला, आणि टाळ्यांच्या जागी कोणी पापड तळत होतं. पेंडशांनी खिशातून सीडी काढली. भालचंद्र गणपतीकडे बघेनात, बायकोकडे तर नाहीच.

"नारळाचं दूध तीनदा काढलंत," अरुणाताई हळूच म्हणाल्या. "पहिलं घट्ट, दुसरं पातळ, तिसरं हात धुवायचं. आणि नारळच फेकून दिलात."

संध्याकाळी सीडी लागली. आवाज लख्ख, वादक तयारीचे, आणि पोरं मात्र तोंड मिटून उभी. शेवटी पेंडशांची नातच, भक्ती, पुढे झाली.

"आजोबा, वो पानीवाली लगाओ ना."

पेंडशांनी डोळे वटारले, पण पोरं ऐकतात थोडीच. त्यांनी सीडी बंद करवली आणि पाणीवाली लावून घेतली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी अरुणाताई जिथे बुडत, तिथे सगळी पोरं घशात गुळण्या केल्यासारखी गुळगुळायची. शब्द मात्र एकाचाही चुकला नाही. दुसऱ्या दिवशी तर शेजारच्या ब्लॉकमधली पंजाबी पोरंही आली. पेंडशांनी सीडी मुकाट्याने घरी नेली. विसर्जनापर्यंत तीच आरती वाजली. पाण्यात जाणाऱ्या देवाला ती शोभली, असं अरुणाताई सगळ्यांना सांगत.

पुढच्या गणपतीत सगळ्यांनी जमून आरती नव्याने म्हटली आणि रेकॉर्ड केली. कॉम्प्युटरजवळ मानस बसला; बाबांना हातात झांजा देऊन लांब उभं केलं होतं. पहिलं कडवं संपलं आणि पोरांनी ठरल्यासारखी गुळगुळ केली. पेंडशांनीही केली.

रेकॉर्डिंग लावल्यावर भालचंद्रांनी कान देऊन सगळं ऐकलं.

"खरखर अजिबात नाही, बघ," ते अरुणाताईंना म्हणाले.