वजरीनं घासलेला हात

ठकूबाईच्या हाताला चव होती, हे चिंचमळ्यात कुणी नाकारणार नाही. दोन हजार तीनच्या सुमारास वस्तीवरच्या शाळेत खिचडी शिजायला लागली, तेव्हा मास्तरांनी तिलाच बोलावलं. विधवा बाईचा दिवस जाता जात नव्हता, तो त्या पातेल्याभोवती जाऊ लागला. पोरं तिला खिचडीआजी म्हणत. नात अक्षदा त्याच शाळेत, तिचा तर तोराच वेगळा!

मग उजव्या मनगटावर चट्टा उठला. गोल, कडेला लाल, वर कोंडा. खाज तर विचारू नका. कुणाच्या तरी आईनं तो पाहिला आणि झालं. बोलणाऱ्याच्या तोंडाला हात कोण लावणार? बघता बघता महारोग हा शब्द वस्तीभर फिरला. अहो, असता तरी काय, तोही गोळ्यांनी जातो. पण ऐकतो कोण! पोरांची ताटं भरलेलीच परत यायला लागली, तेव्हा मास्तरांनी खाली मान घालून सांगितलं, डॉक्टरचा रिपोर्ट आणा, तोवर घरी थांबा.

नारायणगावच्या डॉक्टरनं चट्ट्यावर सुई टोचून पाहिली. टोचलेलं कळतंय ना, मग हे बुरशीचं गजकर्ण, महारोग नव्हे, असं तो म्हणाला. पण वस्तीला लेखी हवं होतं. म्हणून त्यानं तपासणी लिहून दिली. चट्ट्याच्या कडेचा कोंडा पात्यानं खरवडून काचेवर घ्यायचा, वर औषधाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बुरशी शोधायची. तोवर हाताला काही लावू नका, असं त्यानं बजावलं.

तिनं काही लावलं नाही. पण परक्या माणसापुढं असला हात कसा करायचा? लोकांच्या दारी पाय धुऊन जाणारी बाई ती. लॅबला निघायच्या आधी न्हाणीत बसली आणि कढत पाण्यानं, साबणानं, टाचा घासायच्या वजरीनं तिनं तो चट्टा रक्त येईस्तोवर घासला. कोंड्याचा कण ठेवला नाही. लॅबवाल्याच्या पात्याला काही लागेना. जे निघालं ते त्यानं पाहिलं आणि रिपोर्ट दिला, बुरशी आढळली नाही.

ठकूबाईला वाटलं, सुटले. घरीही न जाता ती थेट शाळेत गेली. पालकांचा पुढारी हौशीराम तिथं बसला होता. त्यानं रिपोर्ट वाचला, घडी घातली आणि मास्तरांना म्हणाला, "बुरशी न्हाई. मंग दुसरं काय ऱ्हायलं, तुमीच सांगा."

ठकूबाई रिपोर्ट उचलून डॉक्टरकडं गेली.

हात घासल्याचं कळताच डॉक्टर चिडला. कोंडा पुन्हा धरल्यावर त्यानं दुसऱ्यांदा तपासणी करवली, तर काचेवर बुरशीचे धागेच धागे. औषधानं चट्टा गेला, डागसुद्धा उरला नाही. तोवर पातेलं दुसऱ्या बाईच्या हाती गेलं होतं. हौशीरामनं नवा रिपोर्ट न वाचताच परत केला. पहिला खोटा का दुसरा खोटा, आमी काय समजायचं, असं त्याचं म्हणणं. याला काय म्हणावं!

त्या संध्याकाळी अक्षदा मांडीला मांडी लावून बसली आणि तिनं घासासाठी आ केला. ठकूबाईनं घास कालवला, पोरीच्या तोंडापाशी नेला. तिथंच तिचा हात थांबला.

"तुज्या हातानं खा, बाय," ती म्हणाली, आणि घास ताटात ठेवून हात पदराखाली घेतला.