चेंडू वाजला नाही
आमच्या बालसंरक्षण कार्यालयात फोन घेणाऱ्या ताईला आम्ही ‘पुन्हा-सांगा’ म्हणतो. समोरचा काहीही सांगू दे, ही म्हणणार, "पुन्हा सांगा," आणि मग शब्द न् शब्द उतरवून घेणार. तिच्या कागदावर दोन रकाने असतात: ‘पाहिलं-ऐकलं’ आणि ‘वाटलं’. माझं टेबल तिला लागून, त्यामुळे माझे कान केव्हाच किटलेत. "अगं, नवरा मीठ मागतो तेव्हाही दोनदा वदवून घेतेस का?" मी विचारते. ही बया हसून म्हणते, "तीनदा, काकू."

त्या दिवशी ऐन जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. तक्रारखोर आजोबा! वरच्या मजल्यावरची सात वर्षांची पोरगी चेंडू आपटते, डोकं उठतं, म्हणून हे गृहस्थ दर आठवड्याला आमचं डोकं उठवायचे.

"चार दिवस झाले, चेंडू वाजला नाही," आजोबांचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"मग सुटलात की म्हणावं!" मी डबा उघडत म्हटलं.

ताईनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. "पुन्हा सांगा, आजोबा. काय पाहिलंत? काय ऐकलंत?"

"बाप सकाळी बाहेरून कुलूप लावून जातो, संध्याकाळी येतो. पण दिवसभर आत नळ चालू होतो, बंद होतो. पोरगी शाळेत जाताना दिसत नाही."

‘वाटलं’चा रकाना कोराच ठेवून ताई साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही. उद्या बघू."

ताई जागची हलेना. "कोण सांगतंय ते सोडा साहेब, काय सांगतंय ते वाचा. लहान मूल, एकटं, कुलपात. हे आजचंच काम आहे."

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि सही केली. भेटीला दोघींनी जायचा नियम, म्हणून माझा डबा तसाच राहिला. पोटात कावळे ओरडत होते आणि वाटभर मी ताईच्या नावानं बोटं मोडत होते.

सोबत घेतलेले पोलीस कुलूप तोडायला लागले तेव्हा आतून बारीक आवाज आला, "खालच्या आजोबांना सांगा ना, मी चेंडू नाही आपटला."



पोरीचा उजवा हात सुजून टम्म झाला होता. बापानं पिरगळला होता, आणि कुणाला दिसू नये म्हणून तिला कोंडून ठेवलं होतं. "आजोबांनीच तक्रार केली ना?" तिनं विचारलं. फोन कुणी केला ते आम्ही कुणालाच सांगत नाही. ताईनं नुसतं तिला कडेवर घेतलं. ‘सुटलात की म्हणावं’ हे माझेच शब्द मला आठवले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी आजोबांचा फोन आला. "पोरगी कशी आहे?"

"ते सांगता येत नाही, आजोबा."

"मग मी फोन केला कशाला!" आजोबा तडकले. मग त्यांचा आवाज खाली आला. "बरं. माझं एवढं लिहून घ्या. ती परत आली की चेंडू आपटू दे तिला. हवा तेवढा. माझी तक्रार नाही."

ताईचं पेन थांबलं. तिला सगळं नीट ऐकू आलं होतं. मलाही.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.