अर्धशिशीच्या आधीची सुई

मी घनसावंगीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मुलींना कबड्डी शिकवते. हे काम सावलीत बसून होत नाही, आणि मला तर ऊन लागलं की अर्धशिशी उठायची. आधी डोळ्यांसमोर एक नागमोडी रेघ चकाकायची, मग डावं कपाळ ठणकायला लागायचं, मग उलट्या. खिडक्यांना चादरी लावून पडून राहायचं. महिन्यातले निम्मे दिवस असेच जायचे.

हे दुखणं आईकडून आलेलं. माझं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं. ऐन निंदणीच्या दिवसांत आई डोक्याला फडकं आवळून ज्वारीच्या पोत्यांमागे पडलेली असायची. घरातल्या बायका म्हणायच्या, हिला कामाचा कंटाळा. आई कधी उलट बोलली नाही. संध्याकाळी उठायची आणि चुलीकडे न बघता भाकरी थापायची.

माझ्या सहनशक्तीचा कडेलोट शहागडच्या मैदानावर झाला. उपांत्य सामना ऐन रंगात होता आणि ती रेघ दिसली. मुली खेळत होत्या आणि मी शेजारच्या वर्गात बाकावर ओढणी तोंडावर घेऊन पडले होते. सामना हरून त्या आत आल्या. रडत नव्हत्या. माझ्यासाठी दबक्या पावलांनी चालत होत्या. ते मला जास्त लागलं.

तोपर्यंत गोळ्यांचे बरेच प्रकार झाले होते. एकीनं झोप यायची, दुसरीनं बोलता बोलता शब्दच आठवायचे नाहीत. शेवटी नवऱ्यानं मला संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि इंजेक्शनबद्दल सांगितलं. अर्धशिशीत डोक्यातल्या नसांपाशी एक द्रव्य वाढतं आणि त्यानं दुखणं पेटतं. या औषधातली अँटिबॉडी नेमकं त्यालाच अडवते. महिन्यातून एकदा घ्यायचं, डोकं दुखल्यावर नाही, आधीच. मी विचारलं, म्हणजे बरी होईन का? त्या म्हणाल्या, "मुळापासून जाईल असं मी सांगणार नाही. सगळ्यांना लागू पडतंच असंही नाही. पण काही महिने नेटानं घेऊन बघू."

पहिलं इंजेक्शन तिथंच झालं. पुढची बर्फाच्या डब्यात घालून बसनं घरी यायची आणि फ्रिजमध्ये दह्याशेजारी राहायची. पेनासारखी वस्तू, मांडीवर दाबली की खट्ट वाजते. पहिल्या महिन्यात पोट तेवढं बिघडलं, डोकं होतं तसंच. मी मनातून आशा सोडली होती. दुसऱ्या महिन्यात एकदा फळ्यावर संघ लिहिताना लक्षात आलं, मागचे कितीतरी दिवस आपण चादरी लावल्याच नाहीत. घरी सांगायलाही भीती वाटली. पण दिवस तसेच मोकळे जात राहिले. मधूनच एखाद्या वेळी दुखायचं, साध्या गोळीनं थांबायचं.

त्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धा आमच्याच मैदानावर झाल्या. आई तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. ती कडुलिंबाखाली बसून बघत होती. सकाळपासून मी रेषेजवळ उभी. अंतिम सामना भर दुपारी लागला. शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणानं मागे होतो. आमची कर्णधार आत गेली, कोपऱ्यातल्या दोघींना शिवली आणि मध्यरेषेवर पालथी पडली. हात आमच्या बाजूला पोचला होता. शिट्टी वाजली, आणि मुलींनी मला उचलायचा प्रयत्न केला. मी ओरडत होते, ढोल वाजत होता, ऊन तोंडावर होतं आणि माझं डोकं शांत होतं.

गर्दी पांगल्यावर आईजवळ जाऊन बसले.

"दिवसभर उन्हात उभी व्हतीस तू," ती म्हणाली.

"हो. त्या इंजेक्शनमुळं जमलं."

ती पदराचं टोक चोळत म्हणाली, "लोकं म्हणायचे, ढोंग करून राह्यली. मंग मलाबी वाटाया लागलं, असंल ढोंग."

"आई, ते ढोंग न्हवतं. आजार होता. मला होता तोच."

"मंग मला बी ने त्या डॉक्टरीणबाईकडं."

पुढच्याच आठवड्यात नेलं. माझी आई, जी दुखण्याबद्दल कधी अवाक्षर बोलली नव्हती, ती तिथं लग्नानंतरच्या पहिल्या निंदणीपासून सगळं सांगत सुटली. डॉक्टरांनी मध्ये अडवलं नाही. तिचं वय आणि रक्तदाब बघून आधी साध्या गोळ्या दिल्या, इंजेक्शनचं नंतर ठरवू म्हणाल्या. आईला तेवढंही पुष्कळ होतं.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईनं तिला विचारलं, दवाखान्यात गेल्ता का? आई ताठ बसून म्हणाली, "हो. मला अर्धशिशी हाय. लई वर्सांपासून."