वेणीमाधव मास्तरांनी लावलेला इटालियन अन्वय

सोलापुरात बाळीवेशीजवळच्या एका बोळात वेणीमाधव जवळगीकर मास्तर राहत. हायस्कुलात ते मराठी आणि इंग्रजी शिकवीत, पण पोरं त्यांना ‘अन्वय मास्तर’ म्हणत. कवितेची ओळ समोर आली की रस, अलंकार सगळं नंतर. आधी कर्ता कोण, कर्म कोणतं, क्रियापद कुठं दडून बसलंय ते हुडकायचं आणि शब्द सरळ रांगेत उभे करायचे. घरातही तोच खाक्या. त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई काही सांगू लागल्या की मास्तर मधेच तोडत, “कोण आलं होतं ते आधी सांग. कर्ता आधी!” मग बाईंचा सांगायचा उत्साहच मावळायचा.

१९३२ साली एका गिरणीतला गोरा साहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला. मास्तरांनी त्याला दोन वर्षं मराठी शिकवलं होतं. जाताना त्यानं त्यांना आपला चावीचा ग्रामोफोन दिला आणि एक लाकडी पेटी. पेटीत दहा तबकड्या होत्या. दहा मिळून एक अख्खं इटालियन संगीत नाटक. तिकडं त्याला ऑपेरा म्हणतात, साहेबानं सांगितलं. सोबत इंग्रजीत कथासार छापलेली चोपडी होती. घोटाळा एवढाच, की बंगल्यातल्या वाळवीनं तबकड्यांच्या मधल्या, नाव-आकडा छापलेल्या कागदी चकत्या साफ खाऊन टाकल्या होत्या. पहिली कोणती, दहावी कोणती, कळायला काही मार्ग नव्हता.

मास्तरांनी त्याच संध्याकाळी हाताला लागली ती तबकडी लावली. एका बाईनं असा काही सूर वर नेला की शेजारचा तिप्पण्णा पानाचं दुकान तसंच टाकून धावत आला.

“मास्तर, कोन पडलं का आडात?”

“पडलं नाही. गातंय.”

तिप्पण्णा मूळचा अक्कलकोटचा. वीस वर्षं एका नाटक कंपनीत पडदा ओढायचं काम त्यानं केलं होतं. तो उंबऱ्यातच बसला आणि तबकडी संपेपर्यंत हलला नाही. “गळा लई तयार हाय की,” एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चोपडी वाचून तिप्पण्णाला आणि रुक्मिणीबाईंना गोष्ट सांगितली. फियोरा नावाची मुलगी. तिचं आल्दो नावाच्या नावाड्यावर प्रेम. बाप तिला म्हाताऱ्या न्यायाधीशाला द्यायला निघालेला. न्यायाधीश आल्दोवर चोरीचा आळ घालून त्याला तुरुंगात टाकतो. फियोरा साधूची कफनी घालून त्याला भेटायला जाते. आल्दो तिला ओळखत नाही. तिनंच दगा दिला असं समजून तो साधूपुढं मन मोकळं करतो. ती मात्र आपण कोण ते सांगत नाही. पुढं ती न्यायाधीशाशी लग्न कबूल करून आल्दोला सोडवते, विष घेते, आणि मग त्याला सगळं सांगून प्राण सोडते.

मास्तरांनी चोपडी मिटली. “याचा अन्वय लागत नाही. जिच्यावर जीव जडलाय ती समोर उभी, आणि नुसत्या कफनीनं ओळखू येत नाही?”

“आमच्या कंपनीत मिशी लावली की बाप पोराला वळकत न्हवता,” तिप्पण्णा म्हणाला. “लोकं मान्य करत्यात की. वळकलं तर नाटक तितंच संपतंय.”

“बरं. पण चोपडी म्हणते, विष घेतल्यावर चार गाणी गाते ही बाई!”

“चारच? आमचा राजा मरून पडल्यावर लोक वन्समोअर म्हनायचे. उटायचा, गायचा आनि परत मरायचा.”

मास्तरांना हसू फुटलं. पण रांग लावल्याशिवाय त्यांना चैन पडेना. प्रत्येक तबकडीची पाठ आणि पोट सलग असणार असं धरलं, तरी दहा तबकड्या उरत होत्या. मग रोज शाळा सुटल्यावर तिघं बसू लागले. चावी द्यायची, सुई बदलायची, ऐकायचं आणि खडूनं आकडे टाकायचे. जाड आवाज न्यायाधीशाचा, हे लवकर ठरलं. अंक कुठं संपतात ते तिप्पण्णानं सांगितलं.

“हे गर्दीचं गानं ऐका. समदी येकदम गाया लागली की आमी दोर हातात घ्यायचो. हितं पडदा.”

पण अंक तीन आणि गर्दीची गाणी निघाली चार. चौथं गाणं नावाड्यांचं असावं, एका अख्ख्या तबकडीवर एकटंच. वल्ह्यांचा ठेका, मोकळा आनंद. चोपडीत त्याचा पत्ताच नव्हता. सुरुवातीला चालून जाईल म्हणून त्यांनी ते अगदी पहिलं ठेवलं.

शेवटी एकच तबकडी अडून बसली. तीत पुरुष गोड आवाजात गात होता आणि बाई मधूनमधून एखादा शब्द बोलत होती. मास्तरांनी ती पहिल्या अंकात टाकली. “प्रेमाचा संवाद. बागेतला.”

“हा बागेतला नव्हे,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्या शेंगा निवडत बसल्या होत्या. “बागेत दोघं बोलतील. इथं ती बोलतच नाही, ऐकतेय. हा तुरुंग आहे.”

मास्तरांनी पुन्हा सुई ठेवली. खरंच, बाई प्रत्येक वेळी काही बोलायला जायची आणि आवाज मागं घ्यायची.

“मग सांगत का नाही, मी फियोरा म्हणून?”

“का सांगेल? त्याच्या मनात आपल्याविषयी काय आहे, ते तिला पहिल्यांदाच पुरतं ऐकायला मिळतंय. रागाचं असलं म्हणून काय झालं? मधेच तोडलं असतं तर तो गप्प झाला असता. तोडल्यावर माणूस पुढचं सांगत नाही.”

तिप्पण्णा एकदम उठला. गिऱ्हाईक आलं असंल, असं पुटपुटत निघून गेला. मास्तरांनी सुई उचलून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाले, “परवा तू मावशींच्या घरचं काहीतरी सांगत होतीस. मी तोडलं. सांग बघू.”

“कर्ता आधी सांगू?” बाईंनी विचारलं.

“कुठूनही सांग.”

त्या दिवशी दिवेलागण होईपर्यंत शेंगा निवडून झाल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात एका रविवारी दुपारी मास्तरांनी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात तो ऑपेरा लोकांना ऐकवला. गिरणीतले जॉबर, कारकून, वकील, साडी सावरत आलेल्या बायका, सगळे दाटीवाटीनं बसले. मास्तर आधी गोष्ट सांगत, मग तबकडी लावत. तुरुंगाच्या वेळी मात्र त्यांनी सांगितलं, “याचा अर्थ मला आमच्या घरातून कळला.” मागं बसलेल्या रुक्मिणीबाईंनी मान खाली घातली, पण त्या ओठ दाबून हसत होत्या.

फियोरा मेली तेव्हा मागून आरोळी आली, “वन्समोअर!” ती तीनदा मेली. हेडमास्तर कुरकुरले, “अहो, किती वेळा मारणार तिला?”

तिप्पण्णानं चावी देता देता उत्तर दिलं, “लोकास्नी पायजे तितक्यांदा.”

त्यानंतर दर वर्षी तो कार्यक्रम होऊ लागला. तिसऱ्या वर्षी कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मुंबईहून तबकड्या विकणारा एक एजंट आला होता. त्याच्या यादीत याच नाटकाचा क्रम, कोणत्या तबकडीवर कोण काय गातं त्यासकट, छापलेला होता. मास्तरांनी ताडून पाहिलं. सगळं बरोबर होतं, एक सोडून. नावाड्यांचं गाणं सुरुवातीला नव्हतं. ते अगदी शेवटी होतं, फियोरा मेल्यानंतर.

“मेल्यावर आनंदाचं गानं?” तिप्पण्णा चिडला. “मग पडदा पाडायचा कवा?”

“लावून तर बघू,” रुक्मिणीबाई म्हणाल्या.

त्या रविवारी फियोरा मेली. लोक डोळे पुसत उठले, दाराशी चपला शोधू लागले. तेवढ्यात मास्तरांनी शेवटची तबकडी लावली. लांब नदीवरून कुणी तरी गात चालल्यासारखे नावाडी आले. काठावर काय घडलं याची त्यांना गंधवार्ता नव्हती. एका पायात चप्पल घातलेली माणसं तशीच थबकली, आणि मग एकेक करून पुन्हा खाली बसली.