दाण्यातल्या बाया
भात दुधात आलं, की धरणाकडच्या वाऱ्याबरोबर खाचरातून कोवळा गोड वास येतो, आणि मला कारभारणीचं शेवटचं आजारपण आठवतं. डॉक्टरनं तिला घरी न्यायला सांगितलं होतं, आणि तिचा एकच हेका होता, नव्या भाताची पेज पिऊनच जाणार. मी रोज एक लोंबी आणून द्यायचो. ती दाणा नखानं दाबायची आणि दूध निघालं की तोंड वाकडं करायची. कॉलेजात शिकणारी नात तिला म्हणाली, "आजे, पानं साखर करत्यात, ती दाण्यात उतरते. तितं विकरं असत्यात, ती साखरेचा एकेक मणी ओवून माळा करत्यात आणि माळांचे थर घट्ट रचत्यात. त्याचंच पीठ होतं. उद्याच्या कोंबाची शिदोरी हाय ती." कारभारीण हसली. "मणी ओवणाऱ्या बायाच असणार गं. तुझा हा आजा तितं असता तर तंबाखू मळीत बसला असता." मग दाण्याकडं बघून हळूच म्हणाली, "बायांनो, जरा हात उचला गं." बांधाकडच्या लोंब्या आधी पिकल्या. मी मूठभर दाणे उखळात सडले आणि जन्मात पहिल्यांदा पेज केली, ती लई पातळ झाली. तिनं दोन घोट घेतले. "झालं बघा पीठ," म्हणाली, "आता बाकीचं बियाला ठेवा." त्याच बियाण्याचं भात मी अजून लावतोय. काल दाणा दाबला, तर दूध निघालं. म्हटलं, सावकाश ओवा बायांनो, आता कुणाला घाई न्हाई.